लुटुपुटीच्या लढाया

दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळच्या वेळी गावातून एक फेरी मारण्याची मला जुनी सवय आहे. फराळाला कुणी बोलावले तर मी नाही म्हणत नाही. पण माझे खरे लक्ष असते ते अंगणांकडे. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजवलेले पोते, पोत्यावर चिखलाचा लेप, उतारावर उगवून आलेली मोहरी आणि अळीव, ठिकठिकाणी ठेवलेले मातीचे मावळे आणि माथ्यावर, सबंध किल्ल्याहूनही मोठे दिसणारे, सिंहासनावर बसलेले शिवाजीमहाराज! प्रत्येक किल्ल्यापुढे मी उभा राहतो, कौतुक करतो आणि किल्लेदाराला एकच प्रश्न विचारतो, "तुझ्या किल्ल्यावर पाणी कुठून येते रे?"

बहुतेक किल्लेदार "बादलीतून" असे सांगून मोकळे होतात. परंतु काही वर्षांपूर्वी एका सात-आठ वर्षांच्या किल्लेदाराला या प्रश्नाने फारच बेचैन केले. तो घरात गेला, आजोबांना विचारून आला, तरी त्याचे समाधान झाले नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या वाटेने गेलो तेव्हा किल्ल्याच्या माथ्यावर त्याने नारळाची एक करवंटी पुरली होती आणि तिच्यात काठोकाठ पाणी भरले होते. महाराजांचे सिंहासन त्यासाठी थोडे बाजूला सरकवावे लागले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या आरंभीचे. गड बांधताना आधी पाणी पाहावे, नुसत्या झऱ्यावर विसंबू नये, टाकी बांधावीत, असा त्यातला उपदेश आहे. त्या मुलाने 'आज्ञापत्रा'चे नावही ऐकले नव्हते. पण अमात्यांना जी काळजी होती तीच त्याला एका रात्रीत लागली. मी याला इतिहास शिकणे म्हणतो.

नाटकाचे परीक्षण होते, कादंबरीचे होते, हल्ली तर हॉटेलातल्या जेवणाचेही होते. पण शाळेच्या चार भिंतींत इतिहास आणि साहित्य शिकवण्यासाठी जे खेळ खेळले जातात, त्यांचे परीक्षण करण्याची गरज कुणाला वाटलेली माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक वर्गातला खेळ हीही एक रचनाच असते. तिला आरंभ असतो, नियम असतात, पात्रे असतात, शेवट असतो; आणि चांगल्या-वाईट नाटकाप्रमाणे तिच्यातही काही खरे असते आणि काही नुसतेच रंगीत. मी कॉलेजाची पायरी चढलो नाही. मॅट्रिकनंतर जे थोडेफार शिकलो ते मुलांना शिकवता शिकवता आणि रात्री कादंबऱ्या लिहिता लिहिता. तेव्हा पुढचे परीक्षण एका कसबी माणसाचे आहे, विद्वानाचे नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. त्यात मला माझाही एक गुन्हा नोंदवायचा आहे.

शिक्षणात खेळ आणण्याची कल्पना काही आजची नाही. इंग्लंडात केंब्रिजच्या पर्स शाळेतील कॉल्डवेल कुक या शिक्षकाने १९१७ साली 'द प्ले वे' हे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरची नाटके बाकावर बसून वाचण्यासाठी नाहीत, ती मुलांनी उभे राहून करावीत, असे तो म्हणे आणि तसे करवूनही घेई. आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेका यांनी गोष्ट, नाटक आणि खेळ यांना शाळेत मानाचे पान दिले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या वर्गात जातो आणि पाठ्यपुस्तक उघडण्याआधी गोष्ट सांगू लागतो. त्यावर सहकारी जे नाक मुरडतात, ते वाचताना आजही आपल्याच शिक्षकांच्या खोलीत बसल्यासारखे वाटते. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक महाराष्ट्रात आल्या आणि बोर्डीला व पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी हीच वाट रुळवली. त्या काळी खेळाची बाजू घेणे म्हणजे बंडखोरी होती. आता तसे राहिलेले नाही. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली आहे आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने खेळातून शिक्षणाला राजमान्यता दिली आहे. बंड राजमान्य झाले की त्याची परीक्षा अधिक कडक व्हायला हवी. कारण आता खेळ न घेणारा शिक्षक मागासलेला ठरतो आणि कसलाही खेळ घेणारा आधुनिक!

पहिला मान भेंड्यांना दिला पाहिजे. कवितांच्या भेंड्या माझ्या लहानपणी होत्या, माझ्या वडिलांच्या लहानपणी होत्या, अजूनही आहेत. दिवे गेलेल्या रात्री, लग्नाच्या वऱ्हाडात, सहलीच्या बसमध्ये भेंड्यांनी मराठी कविता जितकी जिवंत ठेवली तितकी कुठल्याच पाठ्यपुस्तकाने ठेवली नसेल. 'मनाचे श्लोक' २०५ आहेत, त्यांतले पाऊणशे तरी मला भेंड्यांच्या लढाईतच पाठ झाले. त्यामुळे या खेळाविषयी कृतघ्नपणे बोलणे मला जमणार नाही.

परंतु भेंड्या खेळणाऱ्या मुलाचे डोळे कधी नीट पाहा. समोरचा गडी कविता म्हणत असतो तेव्हा हा ती ऐकत नसतो. तो तिच्या शेवटच्या अक्षराची वाट पाहत असतो. शेवटी 'ण' आला तर 'न' धरायचा, 'ळ' आला तर 'ल' धरायचा, हे कायदे त्याला तोंडपाठ असतात. 'ठ' आणि 'ढ' यांनी संपणाऱ्या ओळी तो कंजुषासारख्या साठवून ठेवतो आणि नेमक्या वेळी शत्रूवर फेकतो. कविता त्याच्या दृष्टीने दारूगोळा असते. दारूगोळ्याचा अर्थ कुणी विचारीत नाही! एकदा एका मुलीने फार सुरेख चालीवर एक करुण ओवी म्हटली. मी तिला थांबवून विचारले, "ही बाई रडते आहे का ग?" तेव्हा ती गोंधळून म्हणाली, "कोणती बाई, गुरुजी?"

भेंड्यांचाच धाकटा भाऊ म्हणजे प्रश्नमंजूषा. हल्ली ती मोबाइलच्या पडद्यावर, घड्याळाच्या टिकटिकीवर आणि वाजणाऱ्या टाळ्यांवर खेळली जाते. तह कितव्या साली झाला? किती किल्ले दिले? मूल बटण दाबते: १६६५, तेवीस. उत्तर बरोबर, टाळ्या! पण तेवीस किल्ले हातचे देऊन टाकताना देणाऱ्याच्या घशाखाली घास उतरला असेल का, हा प्रश्न त्या पडद्यावर मावत नाही, कारण त्याला चार पर्याय देता येत नाहीत. या खेळांना माझा विरोध नाही. कोठी भरलेली असावीच लागते. पण कोठी भरणे म्हणजे स्वयंपाक, अशी समजूत करून घेऊ नये इतकेच.

आता दुसरा प्रकार, नाट्यीकरणाचा. इथे मला माझ्या गुन्ह्याकडे यायला हवे.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रतापगडची भेट वर्गात नाटकरूपाने करायची मी ठरवले. तसा मी हौशी माणूस. पुठ्ठ्याची वाघनखे केली, बायकोची शाल शामियान्यासाठी आणली, संवाद स्वतः लिहिले. महाराजांच्या कामासाठी वर्गात अकरा हात वर झाले. खानासाठी एकही नाही. मी वर्गावरून नजर फिरवली आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाला म्हणालो, "तू हो. तू उंच आहेस." तो उंच होता हे खरे. आवाजही भारदस्त होता. पण वर्गात तितकाच उंच आणखी एक मुलगा होता आणि माझी नजर त्याच्यावर थांबली नाही. ज्याच्यावर थांबली तो मुलगा वर्गातला एकुलता एक मुसलमान होता.

त्याने काम फार चांगले केले. खान पडला तेव्हा मुलांनी बाके वाजवली, हेडमास्तर दारात येऊन हसून गेले आणि मी स्वतःवर खूष झालो. घंटा झाली. पुठ्ठ्याची वाघनखे कपाटात गेली, शाल घरी गेली, महाराज पुन्हा पाटलांचा बाळू झाले. खान मात्र खानच राहिला. मधल्या सुट्टीत त्याला त्याच नावाने हाका येऊ लागल्या. कबड्डीत तो बाद झाला की बाहेरची पोरे पुन्हा "खान पडला" म्हणून ओरडत. मुलांच्या मनात विष होते असे मी म्हणणार नाही. त्यांना एक खेळ आवडला होता आणि ते तो पुढे खेळत होते, एवढेच. मी एकदोनदा रागावलो आणि विसरून गेलो.

त्याचे वडील गवंडी होते. दिवाळीच्या आधी शाळेच्या पटांगणात आम्ही सगळे मिळून एक मोठा किल्ला करीत असू आणि त्याचे बुरूज दरवर्षी हाच मुलगा घाली. त्याच्या हाताचा बुरूज पावसातही ढासळत नसे. त्या वर्षी तो आला नाही. विचारले तेव्हा "घरी काम आहे" म्हणाला. मुलांनी बुरूज घातले, ते वाकडे झाले, आणि मला त्या वाकड्या बुरुजांकडे पाहताना प्रथम कळले की आपण काय केले.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. दोष नाटकाचा होता की माझा? माझा होता हे तर स्वच्छच आहे. पण नाटकाच्या रचनेतही एक खोट होती, आणि परीक्षण करायचे तर ती सांगितली पाहिजे. माझ्या नाटकात दोनच बाजू होत्या आणि त्या बाजू मी पोशाखावरून ओळखू येतील अशा केल्या होत्या. वास्तविक महाराजांबरोबर गेलेल्या दहा अंगरक्षकांच्या यादीत सिद्दी इब्राहीम हे नाव आहे. खानाकडून बोलणी करायला आलेला वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण होता आणि खानाच्या फौजेत मराठे सरदार होते. हे सगळे मला माहीत होते. पण नाटक सुटसुटीत व्हावे म्हणून मी ते गाळले. सुटसुटीतपणासाठी जे गाळले तेच त्या मुलाला त्या दिवशी वर्गात ताठ मानेने बसू देणारे होते. पोशाख चढवणे म्हणजे इतिहास नव्हे. आणि मुलाला दिलेली भूमिका घंटेबरोबर उतरतेच असे नाही, हे नाट्यीकरण करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने खडूच्या पेटीवर लिहून ठेवावे. मोठे नट तोंड धुऊन घरी जातात. मुलांना तोंड धुवायला आपण पाणी द्यावे लागते.

त्यानंतर दोन वर्षे मी वर्गात कसलेच नाटक केले नाही. मग वाचता वाचता जेधे घराण्याच्या करीन्यात कान्होजी जेध्यांची हकीगत पुन्हा माझ्यासमोर आली आणि तिसऱ्या प्रकारचा खेळ मला सुचला. त्याला मी 'देशमुखाचे घर' म्हणतो. ज्यांना आपल्या वर्गात किंवा घरी तो करून पाहायचा असेल त्यांच्यासाठी सविस्तर सांगतो.

वर्गाची पाच-पाच जणांची घरे करायची. प्रत्येक घरात चिठ्ठ्या टाकून भूमिका ठरवायच्या: घरचा कर्ता, त्याची बायको, थोरला मुलगा, धाकटा मुलगा आणि हिशेब ठेवणारा कुलकर्णी. चिठ्ठ्याच टाकायच्या, शिक्षकाने बोट दाखवायचे नाही, हा नियम मी माझ्यासाठी केला आहे. मग प्रत्येक घराला एक कागद द्यायचा. तुमचे वतन डोंगरखोऱ्यात आहे, पिढ्यांचे आहे. दूरच्या राजधानीतून बादशहाचे फर्मान आले आहे: आमचा मोठा सरदार फौज घेऊन येतो आहे, त्याला सामील व्हा, न व्हाल तर वतन जाईल आणि जीवही. ज्याच्यावर तो सरदार चालून येतो आहे तो एकोणतीस वर्षांचा एक जहागीरदाराचा मुलगा आहे. तुम्ही त्याला शब्द दिलेला आहे. आजवर त्या सरदाराशी त्याची समोरासमोर गाठ पडलेली नाही. शेजारच्या देशमुखांपैकी कुणी कुणी सरदाराकडे गेले, अशी बातमी आहे. सकाळपर्यंत ठरवा.

नावे मात्र एकही सांगायची नाहीत. सगळी खुबी इथे आहे. महाराष्ट्रातल्या मुलाला प्रतापगडला काय झाले हे दुधाच्या दातांबरोबरच ठाऊक असते. कोण जिंकला हे ठाऊक असताना योग्य बाजू घेणे यात कसले आले आहे धैर्य! नावे झाकली की शेवट झाकला जातो आणि मूल त्या माणसाच्या जागी जाऊन उभे राहते, ज्याला उद्या काय होणार हे माहीत नव्हते.

पहिल्यांदा हा खेळ केला तेव्हा आठ घरे होती. अर्धा तास वर्गात असा कलकलाट झाला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. एका घरात कुलकर्णी म्हणत होता, "दोन्हीकडे एकेक मुलगा पाठवा, कुणीही जिंकला तरी वतन राहील." (हा मुलगा पुढे विमा एजंट झाला.) निकाल लागला: पाच घरे सरदाराकडे, दोन घरे त्या तरुणाकडे, एक घर रात्रीतून पळून जाणारे. मग मी नावे उघडी केली. साल १६५९, सरदार म्हणजे अफजलखान, तो तरुण म्हणजे शिवाजीराजे. क्षणभर वर्ग गार पडला आणि मग एकच गिल्ला झाला. जी पाच घरे खानाकडे गेली होती त्यांच्यावर "गद्दार, गद्दार" असा ओरडा सुरू झाला. त्यांतल्या एका घराची कर्ती एक किरकोळ अंगाची, फारशी न बोलणारी मुलगी होती. ती उभी राहिली आणि रडवेल्या आवाजात, पण ठासून म्हणाली, "गुरुजी, तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मी दोन मुलांचा बाप होते. मला वाटलं, पोरं जगली पाहिजेत."

कुणी हसले नाही. मी त्यांना सांगितले, कारीच्या कान्होजी जेध्यांना असेच फर्मान आले होते. त्यांना पाच मुलगे होते. ते पाची मुलांना घेऊन राजगडावर गेले, फर्मान राजांपुढे ठेवले आणि हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. म्हणजे, वतन गेले असे समजून चाललो. आणि त्याच खोऱ्यातले उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. ही हकीगत मी आधीही अनेकदा शिकवली होती आणि मुलांनी ती रिकाम्या जागा भरण्यापुरती लक्षात ठेवली होती. त्या दिवशी हातावरून सोडलेल्या त्या पाण्याचे वजन त्यांना कळले, कारण पाच मिनिटांपूर्वी ते पाणी त्यांच्या हातात होते आणि बहुतेकांच्याने ते सोडवले नव्हते. एक मुलगा शाळा सुटल्यावर माझ्यामागे आला आणि विचारू लागला, "गुरुजी, खोपड्यांच्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल?" शत्रूच्या घरातल्या रात्रीविषयी वर्गातल्या कुणी मला प्रश्न विचारावा, असे तोपर्यंत कधी घडले नव्हते.

या खेळावरही आक्षेप आहेत आणि ते मी लपवणार नाही. मुले आजच्या मनाने विचार करतात. सतराव्या शतकातील वतन, इमान, बादशाही दरारा त्यांच्या अंगवळणी नसतो. शिवाय नुसता निर्णय घेऊन खेळ थांबवला तर इतिहास म्हणजे ज्याला जे वाटले ते, असा समज होण्याची भीती आहे. म्हणून शेवटी कागद समोर आणलाच पाहिजे. काय झाले, ते आपल्याला कशावरून कळते, सांगणारा कोण होता. जेध्यांच्या घराण्याची हकीगत जेध्यांच्याच घरातल्या लेखातून आपल्याला कळते, हेही मुलांना सांगावे. खेळाने भूक लावावी. जेवण मात्र कागदांचेच असावे.

आता साहित्याकडे वळतो. इथे मी कादंबरीकाराच्या जातीने थोडी तक्रार करणार आहे.

हल्ली वर्गात पात्रांवर खटले भरण्याची टूम आहे. एक न्यायाधीश, दोन वकील, आरोपीच्या पिंजऱ्यात कादंबरीतले पात्र. माझ्या एका सहकाऱ्याने प्रेमापोटी माझ्याच एका कादंबरीतल्या मामावर वर्गात खटला भरला आणि मला साक्षीला बोलावले. मामाने भाचीचे दागिने विकले, हा आरोप. मी साक्षीत सांगितले की ते त्याने का विकले हे मलाही पुरते कळलेले नाही, म्हणून तर मी दोनशे पाने लिहिली. न्यायाधीशबाई, वय वर्षे चौदा, म्हणाल्या, "लेखकांनी हो किंवा नाही एवढेच सांगावे." मामाला सहा वर्षांची सक्तमजुरी झाली! मी हसत घरी आलो, पण रात्री मनात काहीतरी टोचत राहिले.

त्याच सहकाऱ्याने पुढे हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मधल्या शंकरमामंजींवर खटला भरला तेव्हा टोचणी कसली होती ते उमगले. शंकरमामंजी दोषी ठरले, वर्गाने समाधानाचा निःश्वास टाकला आणि सगळे डबे खायला गेले. पण हरिभाऊंनी पुस्तकाला दिलेले नावच पाहा. तो प्रश्न एका शंकरमामंजींना विचारलेला नाही. यमूचे दुःख ज्यांनी पाहिले आणि जे गप्प बसले त्या साऱ्यांना, आणि वाचणाऱ्यालाही, तो विचारलेला आहे. एकाला पिंजऱ्यात उभे केले की बाकीचे आपोआप सुटतात. हरिभाऊंनी ज्यांना सोडले नव्हते त्यांना त्या खटल्याने सोडून दिले. साहित्याला निकाल मानवत नाही. म्हणून साहित्यात न्यायालयाचा खेळ, कितीही रंगला तरी, मला उणा वाटतो.

मग बरा खेळ कोणता? एक साधा सांगतो. बालकवींची 'औदुंबर' ही कविता अवघ्या आठ ओळींची. मी तिच्या आठ पट्ट्या करून मुलांना देतो आणि क्रम लावायला सांगतो. क्रम लागला की फळ्यावर रंगीत खडूंनी कवितेचे चित्र काढायचे. टेकड्या, गाव, शेते, वाट, झरा, डोह, झाड, सगळे नीट येते. एका वर्षी चित्र काढणाऱ्या मुलाने डोह निळ्या खडूने रंगवला. खालून एकजण ओरडला, "काळा! कवितेत काळा आहे!" पहिला म्हणाला, "पाणी कुठे काळं असतं? कवीचं चुकलं." मी मुद्दाम गप्प राहिलो. मुले भांडू लागली. कुणी म्हणाले, खोल आहे म्हणून काळा. कुणी म्हणाले, झाडाची सावली. एक मुलगी म्हणाली, "सगळी कविता हिरवी-पांढरी चालली आहे आणि मग एकदम काळं येतं. त्याला भीती वाटली असेल." या आठ ओळींच्या अर्थावर मराठी समीक्षकांनी किती शाई खर्च केली आहे हे जाणकारांना ठाऊक आहेच. त्या मुलीने ती शाई पाहिलेली नव्हती. तिने फक्त निळा खडू खाली ठेवून काळा कोळसा उचलला. त्या खेळात कुणी जिंकले नाही, आणि डोह काळा का, हे मी शेवटपर्यंत सांगितले नाही.

इतिहास आणि साहित्य यांना एकत्र बसवणारा एक खेळ माझ्या फार आवडीचा आहे. 'सिंहगडचे तीन साक्षीदार'. वर्गाचे तीन गट. पहिल्याकडे पोवाडा, दुसऱ्याकडे हरिभाऊंची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी, तिसऱ्याकडे एक बारीकशी माहिती. तानाजी मालुसरे पडले १६७० च्या फेब्रुवारीत. पण शिवाजीमहाराजांच्या १६६३ सालच्या एका पत्रात या किल्ल्याचा उल्लेख 'सिंहगड' असाच आहे. म्हणजे तानाजी गेल्यामुळे गडाला हे नाव पडले, ही आपल्या सर्वांच्या आवडीची गोष्ट टिकत नाही. पत्राचा गट हे वाचतो तेव्हा वर्गात नेहमी थोडे दुःख पसरते. घोरपडीचे काय, असे कुणीतरी विचारतेच. ती पोवाड्याच्या गटाकडे असते. मग मी विचारतो, पत्र खरे असेल तर पोवाडा खोटा म्हणायचा का? एका मुलाने दिलेले उत्तर माझ्या वहीत आहे: "पत्र किल्ल्याचं आहे. पोवाडा तानाजी गेल्यावर लोकांना काय वाटलं त्याचा आहे." आमच्या राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढले, ते कागदाला कागद म्हणून आणि गाण्याला गाणे म्हणून ओळखता यावे यासाठीच. तेराव्या वर्षी एखाद्याला हा फरक कळला, आणि दोहोंवरचे प्रेमही उरले, तर तो पुढे सहजासहजी कुणाच्या भाषणाने पेटायचा नाही.

एवंच, खेळाची माझी कसोटी अगदी साधी आहे. घंटा झाल्यावर मुलाच्या मनात काय उरते? नुसत्या टाळ्या उरल्या तर तो करमणुकीचा तास झाला. त्यालाही कधीतरी जागा आहे. एखाद्याच्या कपाळावर नाव उरले तर तो खेळ मोडून टाकावा. आणि उत्तर न मिळालेला प्रश्न उरला, खोपड्यांच्या रात्रीसारखा, डोहाच्या काळ्या रंगासारखा, तर शिक्षकाने मुकाट्याने फळा पुसून बाहेर पडावे.

त्या उंच मुलाचे पुढे काय झाले, असे कुणी विचारील. तोही वडिलांसारखा गवंडी झाला. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या कुंपणाची भिंत त्यानेच बांधली. मी रोज मधल्या सुट्टीत तिथे जाऊन उभा राही. तो "नमस्कार, गुरुजी" म्हणे, मी चहा मागवी, आम्ही सिमेंटच्या भावाविषयी बोलत असू. एक दिवस मी धीर करून म्हणालो, "त्या नाटकाच्या वेळी माझं चुकलं रे." त्याने ओळंबा लावून पाहिला, एक वीट काढून पुन्हा बसवली आणि म्हणाला, "कोणतं नाटक, गुरुजी?" त्याला खरोखरच आठवत नव्हते, की त्याला मला सोडवायचे होते, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आले नाही. भिंत सरळ आहे.

यंदा पटांगणातल्या किल्ल्यासाठी मी त्याच्या मुलीला बोलावले आहे. ती तिसरीत आहे. तिने येताच सगळ्यांत आधी विचारले, "पाणी कुठे साठवायचं?"